दोन खेपा

गेली काही वर्षे प्रजासत्ताक दिनाला आमच्या पाथर्डी तालुक्यातल्या कुठल्या ना कुठल्या शाळेत मला बोलायला बोलावतात. विषय ठरलेला असतो. आपल्या जिल्ह्याचा व्हिक्टोरिया क्रॉस. संगमनेर तालुक्यातल्या निमज गावचे शिपाई नामदेव जाधव, पाचव्या मराठा लाइट इन्फन्ट्रीची पहिली बटालियन, इटलीतली सेनिओ नदी, ९ एप्रिल १९४५. वीस मिनिटांचे भाषण मला पाठ झाले होते. शेवटी हातबॉम्ब, मशीनगनचे मोर्चे, बांधाच्या माथ्यावरची आरोळी. पोरे टाळ्या वाजवायची, मला नारळ आणि शाल मिळायची.

तीन वर्षांपूर्वी असाच एक कार्यक्रम आटोपून चहा घेत होतो. फौजेतून निवृत्त झालेले एक गृहस्थ शेजारी येऊन बसले. आमच्याकडे फौजेतून आलेला प्रत्येक जण, मग तो शिपाई असो की सुभेदार, गावाच्या लेखी 'मेजर'च असतो. हे मेजर मराठा रेजिमेंटमध्येच होते. म्हणाले, "भाऊ, बाकी सगळं झ्याक झालं. पण तुम्ही गडी लई पळवला."

"म्हणजे?"

"तो दोनदा माघारी आला ना, माणसं घेऊन? ते तुम्ही एका दमात उरकलं. बॉम्ब टाकताना माणसाला राग आलेला असतो, त्या रागात जातो तो. पण माणूस खांद्यावर टाकून गोळीकडं पाठ करून चालायचं, ते लई अवघड. आन् ते दोनदा."

मी मान डोलावली. घरी येऊन भाषणाची वही काढली. मेजरांचे म्हणणे खरे होते. दोन्ही जखमी मी एका वाक्यात पैलतीरावरून ऐलतीरावर आणले होते आणि पुढची दीड पाने मशीनगनना दिली होती. मग मूळ कागद पुन्हा वाचायला घेतला. हा लेख त्या वाचनाचा आहे.

मूळ कागद म्हणजे जून १९४५ च्या लंडन गॅझेटमधली नोंद. व्हिक्टोरिया क्रॉस कोणाला आणि कशाबद्दल दिला, हे तिथे एका मजकुरात छापले जाते. नामदेव जाधवांविषयी मराठीत जे काही लिहिले-बोलले गेले आहे, त्याचे मूळ फिरून फिरून याच मजकुराशी पोचते. माझ्या भाषणाचेही तेच. फरक एवढाच की मी तो थेट न वाचता, त्यावरून कोणी लिहिलेले, त्यावरून पुन्हा कोणी लिहिलेले असे वाचून बोलत होतो. संशोधन करणाऱ्या माणसाला हे शोभत नाही, पण झाले होते असे.

एक अडचण आधीच सांगून टाकतो, कारण नव्या अभ्यासकाचा त्यात वेळ जातो. गॅझेटमध्ये आडनाव 'जाधाओ' वाटावे अशा स्पेलिंगने छापले आहे. काही याद्यांत ते 'जादव' आहे, काहींत 'जाधव'. रोमन लिपीत मराठी माणूस तीन वेगळ्या अक्षरांखाली लपून बसतो. यादी चाळताना मी पहिल्या खेपेला त्यांना चुकवून पुढे गेलो होतो.

आता प्रसंग. पण त्याआधी ती नदी डोळ्यांसमोर आणली पाहिजे, कारण सगळा घोटाळा तिथेच होतो.

सेनिओ नावाला नदी. नोंदीत मापे दिली आहेत : पात्र सुमारे १५ फूट रुंद, पाणी चार-पाच फूट खोल. आपल्याकडे याला ओढा म्हणतील. पण दोन्ही काठांना पूर अडवण्यासाठी घातलेले मातीचे बांध ३० ते ३५ फूट उंच आणि चढायला उभे. उत्तर इटलीच्या सखल मैदानात नद्या अशाच बांधांच्या मधून वाहतात. पाथर्डीच्या वाचकाला सांगायचे तर बहात्तरच्या दुष्काळात आपल्याकडे पाझर तलाव झाले, त्यांचे भराव आठवावेत. असे दोन भराव समोरासमोर ठेवायचे आणि त्यांच्या मधल्या चिंचोळ्या पट्टीत ओढा सोडायचा. बाहेरून पाहणाऱ्याला नदी दिसतच नाही, दिसते ती फक्त तीन मजली घराएवढी गवताळ भिंत.

१९४४-४५ च्या हिवाळ्यात दोस्तांचे सैन्य या नदीपाशी येऊन थांबले होते. समोर जर्मन. पण 'समोर' हा शब्द इथे फसवा आहे. जर्मन फक्त पलीकडच्या, म्हणजे पश्चिमेकडच्या बांधात नव्हते. त्यांनी अलीकडच्या पूर्व बांधाची आतली, पाण्याकडची बाजूही पोखरून ठेवली होती. नोंदीत दोन्ही बांधांची तुलना मधाच्या पोळ्याशी केली आहे. शिवाय पूर्व बांधाच्या आतल्या उतारावर सुरुंगांचा पट्टा पेरलेला. म्हणजे काही ठिकाणी अशी स्थिती की एकाच बांधाच्या बाहेरच्या अंगाला आपले आणि आतल्या अंगाला ते. मध्ये फक्त मातीची जाडी. हातबॉम्ब माथ्यावरून पलीकडे टाकायचे, इतके जवळ.

हा भाग आठव्या भारतीय डिव्हिजनकडे होता. जनरल डडली रसेल यांची ही डिव्हिजन सप्टेंबर १९४३ मध्ये तारान्तोला उतरली आणि इटलीच्या लांबीने वर सरकत आली. बिफेर्नो, त्रिन्यो, सांग्रो, गारी, आर्नो : तिचा इतिहास म्हणजे ओलांडलेल्या नद्यांची यादी आहे. तिच्या एकविसाव्या ब्रिगेडमध्ये एक इंग्लिश बटालियन, एक पंजाबी आणि एक मराठ्यांची. ही मराठ्यांची बटालियन म्हणजे १७६८ साली मुंबईत उभी राहिलेली जुनी पलटण, जिला आज 'जंगी पलटण' म्हणतात. पहिल्या महायुद्धात १०३ वी मराठा म्हणून ती पुणे डिव्हिजनबरोबर मेसोपोटेमियात गेली, कूत-अल-अमाराच्या वेढ्यात सापडली आणि २९ एप्रिल १९१६ ला तिथल्या सैन्याबरोबर तुर्कांच्या हाती पडली. माझ्या लहानपणी पहिल्या महायुद्धाला 'बसऱ्याची लढाई' म्हणणारी म्हातारी माणसे होती. ती याच मोहिमेची आठवण. आज त्या लढाईचे गावागावांत उरले आहे ते संगमरवरी फरशीचे एक चौकोनी तुकडे : या गावातून इतके पुरुष महायुद्धाला गेले, त्यांतले इतके परत आले नाहीत. आकडे आहेत, नावे नाहीत. नावे न लिहिण्याची ही रीत आपल्याला या लेखात पुन्हा भेटणार आहे.

९ एप्रिल १९४५ ला दुपारपासून सेनिओच्या पश्चिमेला आठशेहून जास्त अवजड विमानांनी बॉम्ब टाकले. मग तोफा. तोफांचा मारा मध्ये थांबायचा, जर्मनांना वाटायचे की आता हल्ला येणार, ते बाहेर यायचे आणि पुन्हा तोफा सुरू व्हायच्या. असे अनेकदा. संध्याकाळी ७ वाजून २० मिनिटांनी, ज्वालाफेकी यंत्रांनी बांधांवर आग ओतल्यानंतर, पायदळ खरोखरच पुढे झाले. विमाने त्या वेळीही वरून झेपावत होती, पण गोळ्या न झाडता, केवळ जर्मनांची डोकी खाली राहावीत म्हणून.

सान पोलितो या वस्तीच्या उत्तरेला मराठ्यांची योजना साधी होती. एका कंपनीने पूर्व बांध घ्यायचा. तीन मिनिटांनी दुसऱ्या कंपनीने तिच्यामधून पुढे जाऊन पाणी ओलांडायचे आणि पश्चिम बांध घ्यायचा. नामदेव जाधव या पाणी ओलांडणाऱ्या कंपनीत होते. वय २३. काम : कंपनी कमांडरचा रनर.

रनर म्हणजे निरोप्या, इतके मला माहीत होते. ते काम काय असते ते मेजरांनी सांगितले. ते स्वतः तरुणपणी काही महिने रनर होते. "साहेबाच्या मागं एक हात. साहेब बसला की बसायचं, पळाला की पळायचं. वायरलेस बंद पडला की आपण वायरलेस." प्लाटूनकडे हुकूम घेऊन जायचे आणि उत्तर घेऊन परत यायचे. म्हणजे रनर हा पलटणीतला एकटाच असा माणूस की ज्याचे काम पुढे जाणे नसून जाऊन येणे असते. कुठून आलो, कुठे वळलो, कोणत्या उतारावर पाय ठरतो, हे त्याला लक्षात ठेवावे लागते, कारण त्याला त्याच वाटेने एकट्याने माघारी यायचे असते. पुढच्या अर्ध्या तासात जे घडले त्यात या सवयीचा हात असावा, असे मला वाटते. गॅझेट तसे म्हणत नाही. हे माझे मत.

कमांडर आणि त्याच्याबरोबरची माणसे आघाडीच्या एका सेक्शनच्या मागोमाग पाण्यात उतरली, पलीकडे निघाली आणि त्यांच्यावर किमान तीन मोर्च्यांतून गोळीबार सुरू झाला. कमांडर आणि दोन शिपाई जखमी झाले. बाकीचे सगळे मेले. धडधाकट उरले ते एकटे नामदेव.

इथे थांबून विचारायचे की गोळ्या आल्या कुठून? माझ्या वहीत लिहिले होते : 'समोरच्या बांधावरून शत्रूने आग ओकली.' मी वाचलेल्या मराठी मजकुरांतही थोड्याफार फरकाने तेच. मेजरांच्या मनातलेही चित्र तेच होते, म्हणून तर ते गोळीकडे पाठ करून चालायचे म्हणाले. आपण सहज तसेच धरतो. हल्ला पुढे चालला आहे, तर शत्रू पुढे असणार.

नोंदीत मात्र स्पष्ट लिहिले आहे की मोर्चे पूर्व बांधाच्या आतल्या अंगात होते. ज्या उतारावरून ही माणसे क्षणापूर्वी खाली आली, त्याच उताराच्या पोटात. माथ्यावरून उतरताना ते मोर्चे त्यांच्या पायांखाली-बाजूला होते, पाणी ओलांडून पलीकडे निघेपर्यंत ते पाठीशी आले. गोळ्या मागून आल्या.

हे वाक्य इंग्रजीत मी आधी अनेकदा वाचले असेन. समजले नव्हते. पूर्व-पश्चिम हे शब्द डोळ्यांखालून जातात आणि मन आपले चित्र काढून मोकळे होते. शेवटी मी जेवणाच्या ताटाशेजारी दोन पाट उभे करून मध्ये ओली फडकी टाकली, तेव्हा उजेड पडला.

आता पहिली खेप पाहा. एका जखमीला उचलून नामदेव पाण्यात शिरले. चार-पाच फूट पाणी, म्हणजे छाती-गळ्यापर्यंत. अंगावर भिजलेला गणवेश, खांद्यावर भिजलेला माणूस. पाण्यातून निघून समोर उभा बांध, त्यावर सुरुंगांचा पट्टा आणि त्याच उतारात ते तीन मोर्चे. सुरक्षित जागा एकच : माथ्याच्या पलीकडे, बांधाचे बाहेरचे अंग, जिथे पहिली कंपनी होती. म्हणजे जखमीला वाचवायचे तर बंदुकांपासून लांब पळायचे नव्हते. बंदुकांच्या दिशेने चालत जाऊन, त्यांच्या शेजारून वर चढायचे होते. तोफगोळे आणि मशीनगन चालू असताना ते गेले. माणूस पोचवला. मग माथा ओलांडून पुन्हा आत, पुन्हा उतार, पुन्हा पाणी. दुसरा जखमी. पुन्हा पाणी, पुन्हा चढ.

मी हिशेब मांडला. मशीनगनच्या पहिल्या मोर्च्यावर चालून जाण्याआधी हा माणूस चार वेळा पाण्यातून गेला, त्यांतल्या दोन वेळा दुसऱ्या माणसाचे ओझे घेऊन. बांधाचा माथा आणि त्याखालचा सुरुंगांचा पट्टा त्याने पाच वेळा ओलांडला. गॅझेटमध्ये तिसऱ्यांदा उघड्या बांधावरून जाण्याचा उल्लेख आहे, तो या हिशेबाशी बरोबर जुळतो : आत जाण्याची ती तिसरी वेळ.

ती तिसरी वेळ म्हणजे माझ्या भाषणातला टाळ्यांचा भाग. सर्वांत जवळच्या मोर्च्यावर धावून जाऊन टॉमी गनने तो गप्प केला. हाताला गोळी लागली. बंदूक चालवता येईना म्हणून ती फेकून दिली आणि हातबॉम्ब घेतले. त्यांनी आणखी दोन मोर्चे संपवले. मध्येच बॉम्ब संपले तेव्हा रांगत माथ्यावर जाऊन पलीकडच्या सोबत्यांकडून आणखी घेतले. सगळ्या मशीनगन थांबल्यावर, तोफगोळे पडत असताना, बांधाच्या माथ्यावर उभे राहून मराठ्यांची युद्धघोषणा दिली आणि उरलेल्या कंपन्यांना हात करून नदीपार बोलावले.

युद्धघोषणा कोणती, हे शब्द गॅझेटात नाहीत. तिथे फक्त 'मराठा युद्धघोषणा' असे आहे. ते शब्द मराठी वाचकाला सांगायला नकोत. पण मला यातून वेगळीच गोष्ट दिसते. शौर्यपदकाची शिफारस करताना प्रत्यक्ष पाहणाऱ्यांचे जबाब घेतले जातात, बटालियनचा प्रमुख ते जोडून फॉर्म भरतो, तो ब्रिगेड, डिव्हिजन, कोअर, आर्मी असा वर चढत जातो आणि शेवटी राजाच्या मंजुरीला पोचतो. बांधाच्या बाहेरच्या अंगाला पडून ज्यांनी हे पाहिले आणि ज्यांनी बॉम्ब वर सरकवले, ते मराठा शिपाई होते. त्यांनी सांगितले असेल ते मराठीत, फार तर फौजेतल्या हिंदुस्थानीत. ते इंग्रजीत गेले, वर चढताना घासून गुळगुळीत झाले आणि लंडनला छापले गेले. आज आपण मराठीत जे वाचतो तो त्या इंग्रजीचा पुन्हा केलेला मराठी अनुवाद आहे. निमजच्या माणसाची, मराठी सोबत्यांनी पाहिलेली गोष्ट आपल्याकडे लंडनहून आली आहे. येताना तिच्यातले काही सांडले आणि काही आपण होऊन टाकले.

सांडलेल्यातली पहिली गोष्ट म्हणजे नावे. दोन जखमी शिपाई कोण होते, हे नोंदीत नाही. मेलेले किती आणि कोण, हेही नाही. हा नियमच आहे, ज्याला पदक त्याचेच नाव. पुन्हा ती गावातली संगमरवरी फरशी.

दुसरी गोष्ट मेजरांनी पकडली. दुसऱ्या भेटीत मी त्यांना नोंद मराठी करून वाचून दाखवत होतो. मध्येच म्हणाले, "थांबा. जखमी किती?"

"तीन. साहेब आणि दोन जवान."

"आन् आणले किती?"

"दोन."

"मग तिसरा?"

मी पुन्हा वाचले. कमांडर आणि दोन शिपाई जखमी. एका जखमीला उचलले. मग 'दुसऱ्या' जखमीसाठी दुसरी खेप. तीन जखमी, दोन खेपा. तिसरा स्वतःच्या पायांनी आला, की उचललेल्या दोघांत कमांडर धरायचा आणि एक शिपाई राहतो, याचा खुलासा त्या मजकुरात नाही. वाक्यरचना पाहता उचललेले दोघेही साधे शिपाई असावेत, असे माझे वाचन आहे. नाहीतर कंपनी कमांडरला उचलून आणले ही गोष्ट शिफारस लिहिणाऱ्या अधिकाऱ्याने नुसती 'जखमी माणूस' अशी लिहिली नसती. हा तर्क आहे. मेजरांना तो पटला. "साहेब असता तर साहेब लिवला असता," म्हणाले.

आपण होऊन टाकलेल्या गोष्टीही आहेत. नोंदीत एक वाक्य आहे की मेलेल्या सोबत्यांचा सूड घ्यायचा त्याने निश्चय केला. आपल्या मराठी लेखनाला हे वाक्य फार आवडते. 'सुडाने पेटलेला', 'डोळ्यांत अंगार' वगैरे. मीही लिहिले होते. पण मनात काय चालले होते हे बांधाआडून पाहणाऱ्याला कसे दिसणार? कृती दिसतात. उचलले, पोचवले, पुन्हा गेला. हे पाहिलेले आहे. सूड हा शिफारस लिहिणाऱ्याचा अंदाज आहे, आणि त्याच वाक्यात त्याच्या शेजारी एक साधे कारणही दिले आहे : त्या मोर्च्यांनी दोन्ही कंपन्या जागच्या जागी अडकवून ठेवल्या होत्या. दोन खेपा केलेल्या माणसाला ते मोर्चे नेमके कुठे आहेत हे बाकी कोणाहीपेक्षा चांगले माहीत झाले होते, कारण तो त्यांच्या शेजारून चार वेळा गेला होता. मला हे कारण पुरेसे वाटते.

त्याच संध्याकाळी, त्याच नदीवर, त्याच डिव्हिजनच्या दुसऱ्या ब्रिगेडमध्ये, फ्रंटिअर फोर्स रायफल्सचे शिपाई अली हैदर यांनीही मशीनगनचे मोर्चे एकट्याने घेतले आणि त्यांनाही व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. एक नगर जिल्ह्यातला, एक कोहाटकडचा पठाण. इटलीच्या मोहिमेत एकूण २० व्हिक्टोरिया क्रॉस दिले गेले, त्यांतले सहा भारतीय सैन्याचे, आणि त्यांतले दोन या एका संध्याकाळचे. दुसऱ्या दिवशी लुगो शहर मोकळे झाले. २ मे रोजी इटलीतल्या जर्मन सैन्याची शरणागती अमलात आली.

मग असा माणूस आपल्या स्मरणात इतका पुसट का?

एक उत्तर आपल्या जिल्ह्यातच आहे. ऑगस्ट १९४२ पासून काँग्रेसचे वरिष्ठ नेते अहमदनगरच्या किल्ल्यात कैदेत होते. नेहरूंनी 'डिस्कव्हरी ऑफ इंडिया' तिथेच लिहिले. मार्च १९४५ च्या अखेरीस त्यांना नगरहून हलवले गेले आणि त्यानंतर पंधरवडाही उलटला नव्हता तेव्हा सेनिओचा हल्ला झाला. एकाच जिल्ह्याची ही दोन दृश्ये एकमेकांशेजारी ठेवायला आपण कधी धजलो नाही. सैन्यात गेलेले २५ लाख भारतीय कोणासाठी लढले, हा प्रश्न आला की आपण गप्प बसतो. कोरडवाहू रान, कर्ज, घरात खाणारी तोंडे, भरतीच्या रांगेत आधीच उभा असलेला चुलता : तालुक्यातून कोयता घेऊन दरसाल ऊसतोडीला जाणारी माणसे पाहणाऱ्याला हे समजावून सांगायला नको. त्यात राजनिष्ठा शोधणे जितके चूक, तितकेच त्यांना गुलाम म्हणून सोडून देणेही.

दुसरे उत्तर मराठा रेजिमेंटच्याच दुसऱ्या व्हिक्टोरिया क्रॉसकडे पाहून सुचते. कुलाब्याचे, म्हणजे आताच्या रायगडचे, नाईक यशवंत घाडगे. तिसरी बटालियन. १० जुलै १९४४ ला तिबर नदीच्या वरच्या खोऱ्यात सेक्शनमधले सगळे मेले किंवा जखमी झाल्यावर त्यांनी एकट्याने मशीनगनवर धाव घेतली, ती घेतली आणि तिथेच पडले. त्यांचे स्मारक माणगावला आहे. २०२३ मध्ये इटलीतल्या मोंतोने गावीही त्यांच्या नावाचे स्मारक उभे राहिले, एक धूपघडी. हे व्हायलाच हवे होते. नामदेव जाधव मात्र जगले. सैन्यात हवालदारपदापर्यंत पोचले. स्वातंत्र्यानंतरची ३७ वर्षे त्यांनी पाहिली आणि २ ऑगस्ट १९८४ ला पुण्यात वारले. मी तेव्हा शाळेत होतो. इतिहासाच्या पुस्तकात पानिपत होते, वॉटर्लू होते. बसने दिवसभरात जाऊन भेटता येईल असा हा माणूस त्यात नव्हता.

सेनिओपासून फार लांब नसलेल्या फोर्ली शहरात भारतीय सैनिकांचे युद्धस्मारक आहे. ज्यांचे त्यांच्या धर्माप्रमाणे दहन झाले अशा जवळजवळ ८०० जणांची नावे तिथे कोरली आहेत. इटलीत पडलेल्या भारतीयांची संख्या साडेपाच हजारांवर आहे. फोर्लीच्या यादीत मराठ्यांची नावे आहेत. रोमन लिपीतली, वळणे बदललेली, पण आडनावे ओळखू येतात. आपल्याच हजेरीपटावरची. गॅझेटने ज्यांना 'बाकीचे' म्हटले, त्यांना शोधायची वाट गॅझेटमधून जात नाही, ती अशा याद्यांतून जाते : बटालियन, तारीख, गाव. ते काम मी सुरू केले आहे. ते सावकाश होते, कारण प्रत्येक आडनाव तीन स्पेलिंगांनी शोधावे लागते.

मेजरांकडे पुन्हा गेलो तेव्हा त्यांना मोर्च्यांची जागा सांगितली. त्यांचा विश्वास बसेना. अंगणात त्यांनी नातवाकडून वाळूचे दोन ढीग करून घेतले आणि मध्ये काठीने रेघ ओढली. मग स्वतः कण्हत खाली बसले आणि अलीकडच्या ढिगाच्या आतल्या अंगाला बोटाने तीन भोके पाडली. बराच वेळ पाहत राहिले.

"म्हंजे पाठ नव्हती केली त्यानं," शेवटी म्हणाले. "तोंड होतं तिकडं. दोन्ही टायमाला."

आता शाळेत बोलायला गेलो की मी आधी फळा मागतो. उजवीकडे एक बांध काढतो, डावीकडे एक, मध्ये पाणी. बाण उजवीकडून डावीकडे. मग पोरांना विचारतो, बंदुका कुठे असतील? सगळी पोरे डावीकडे बोट दाखवतात. मी उजव्या बांधाच्या आत तीन गोळे काढतो आणि वर्ग थोडा गप्प होतो. हातबॉम्बपर्यंत पोचेपर्यंत आता बहुधा घंटा होते. गेल्या खेपेला मागच्या बाकावरच्या एका मुलीने विचारले की पहिल्याला सोडून परत गेल्यावर दुसरा जिवंत असेल हे त्यांना कसे माहीत. मी तिला म्हटले, नसणारच माहीत.